घरचा पाना, गावातलं गॅरेज, कंपनीचं वर्कशॉप: बेळगाव पट्ट्यात गाडीचं कुठलं काम कुणाकडे द्यावं

गाडीचं काम घरी करावं की मिस्त्रीकडे द्यावं, हे बहुतेक जण काम किती अवघड आहे त्यावर ठरवतात. तो निकष चुकीचा आहे. ब्रेक पॅड बदलणं तसं सोपं, अनेक गाड्यांत कॅलिपरचा (पॅड चाकाच्या चकतीवर दाबणारा भाग) एक-दोन बोल्टचा खेळ. केबिन फिल्टरसाठी मात्र काही गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सखाली डोकं घालून अर्धा तास झगडावं लागतं. तरी केबिन फिल्टर घरी बदलावा आणि ब्रेक बाहेर द्यावेत. कारण प्रश्न एवढाच विचारायचा: हात चुकला तर ती चूक कुठे कळणार? अंगणात कळणार असेल तर काम स्वतः करा. चोर्ला घाटाच्या उतारावर कळणार असेल तर जाणत्या हाताला द्या, आणि तो हात कसा चालतो हे उभं राहून बघा.

खालचं परीक्षण या मापानं केलं आहे. गाड्या धरल्या आहेत त्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात दारोदारी दिसणाऱ्या: छोट्या पेट्रोल गाड्या आणि काही डिझेल. किमती अंदाजाच्या आहेत, दुकानागणिक फरक पडेल.

स्वतःचे हात: कुठे पैसे वसूल

सगळ्यात जास्त फायदा एअर फिल्टरमध्ये आहे. कंपनीच्या तक्त्यात छोट्या पेट्रोल गाड्यांना तो साधारण ४०,००० किलोमीटरला बदला असं सांगतात, आणि त्याच तक्त्यात बारीक अक्षरात धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळा, कमी अंतराचा नियम असतो. आपल्याकडे तो दुसराच नियम लागू होतो. कारखाने सुरू झाले की चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर काळ्या मातीची ढेकळं सांडत जातात, ती चाकाखाली भरडून पीठ होतात आणि मागच्या गाडीच्या नाकात जातात. हंगामात दर ५,००० किलोमीटरला फिल्टर काढून बघा आणि २०,००० पर्यंत नवा घाला. किंमत अडीचशे ते चारशे रुपये, वेळ पाच मिनिटं, हत्यार बहुधा काहीच लागत नाही, चार क्लिपा असतात.

फिल्टर पंक्चरवाल्याच्या हवेनं साफ करायचा असेल तर हवा आतल्या बाजूनं बाहेर मारा आणि नळी वीतभर लांब धरा. जवळून मारलेल्या हवेनं कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. मग फिल्टर स्वच्छ दिसतो आणि धूळ सरळ इंजिनात जाते, रिंगा-सिलिंडर झिजतात, वर्षभरानं गाडी ऑइल खायला लागते आणि कारण कुणाला सापडत नाही. छिद्र बघायचं तर अंधारात फिल्टरमागे टॉर्च धरा, प्रकाशाचा टिपका दिसला की फिल्टर फेकून द्या. कागदी फिल्टर पाण्यानं धुवू नका. बसवताना डब्याची कड ओल्या फडक्यानं पुसा, रबरी पट्टी सगळीकडे सारखी बसली का ते बोट फिरवून बघा. एक क्लिप अर्धवट राहिली तरी फिल्टर नसल्यासारखंच होतं. केबिन फिल्टरवर बाण असतो, तो हवा वाहते त्या दिशेनं ठेवायचा. एसीची हवा कमी येते म्हणून गॅस भरायला निघालेल्या किती तरी गाड्यांचा आजार हाच असतो.

टायरची हवा हे दुसरं काम. दाब किती ठेवायचा ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं, छोट्या गाड्यांत साधारण ३० ते ३५ पीएसआयच्या दरम्यान. हा आकडा गार टायरचा आहे. बेळगावहून निपाणीपर्यंत ऐंशीनं गाडी मारून तिथं हवा तपासली तर तीन-चार पीएसआय जास्त दिसणारच. ती कमी करायची नाही. कमी केली की सकाळी टायर बसलेला असतो, कडा झिजतात आणि अ‍ॅव्हरेज पडतं. म्हणून तीनशे-चारशे रुपयांचा स्वतःचा गेज घ्या आणि सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजा. स्टेपनीही मोजा, बहुतेक स्टेपन्या गरज पडते तेव्हा मऊ निघतात. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानं टायर संपला, पण खानापूरच्या बाजूला पावसात चालवणाऱ्यानं ३ मिलिमीटरलाच तयारी करावी. टायर कधीचा आहे ते बाजूच्या चार अंकांवरून कळतं: पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, म्हणून २३२३ म्हणजे २०२३ सालचा तेविसावा आठवडा. नवा म्हणून घेतलेला टायर दोन वर्षं दुकानात पडून होता का, हे पैसे देण्याआधी बघायची ही सोपी खूण आहे.

चाक बदलताना नट आधी हातानं पूर्ण फिरवत न्यायचे, मग एकाआड एक, समोरासमोर आवळायचे, आणि शेवटची ताकद चाक जमिनीवर टेकल्यावर द्यायची. मारुतीला सहसा १९ नंबरचा पाना लागतो, ह्युंदाईला २१. गाडीसोबत येणाऱ्या पान्यावर उभं राहून नाचायची गरज नसते. छोट्या गाड्यांचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरला आवळतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर एकदा परत तपासा.

बॅटरीसाठी दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर पुरतो, आणि तो पहिल्याच वर्षी वसूल होतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरीचं आयुष्य संपत आलं आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. तसं दिसत नसेल तर दोष बॅटरीत नाही, ती चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या बेल्टमध्ये आहे, आणि नवी बॅटरी घालून ती पण आठवड्यात बसेल. (काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा मुद्दाम वर-खाली करतो, त्यामुळे दिवे आणि एसी लावून मोजा.) एवढी मोजणी करून दुकानात गेलात तर विनाकारण बॅटरी गळ्यात पडत नाही.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर १० नंबरचा पाना, कोमट पाणी, दोन चमचे खाण्याचा सोडा आणि जुना टूथब्रश. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलं आणि पाना पॉझिटिव्हवरून बॉडीला टेकला तर ठिणगी पडते, पाना चिकटतो, फ्यूज उडतात. कोरडं झाल्यावर थोडं पेट्रोलियम जेली फासा. पाणी भरायच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड पाणी, बोअरचं कधीच नाही. दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला, काळी चांगलीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. ढकलून चालू करायची सवय इंजेक्शनच्या गाड्यांत सोडलेली बरी, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो भाग महागडा आहे.

मृग निघायच्या आधीची तयारी पूर्णपणे घरची आहे. वायपरचं रबर चैत्र-वैशाखाच्या उन्हात कडक होतं, जूनमध्ये काचेवर रेघा ओढतं. जुन्याची लांबी टेपनं मोजून नवं आणा, दोन्ही बाजूंचं माप वेगळं असू शकतं. दांडा उभा असताना काचेवर जाड टॉवेल पसरा. स्प्रिंग सुटून दांडा आपटला तर काचेला तडा जातो. मग वायपरखालची जाळी बघा: तिथं पानं साचली की पाणी केबिनमध्ये पायाशी येतं. दारांच्या खालच्या कडेची छोटी भोकं खिळ्यानं नाही, प्लॅस्टिकच्या काडीनं मोकळी करा. ती बंद असली की दारात पाणी राहतं, आणि पत्रा आतून खातो.

शिवारात किंवा गोदामाशेजारी गाडी लावणाऱ्यांना उंदराचा त्रास ठरलेला. भात आणि ऊस कापणीला आला की ते बोनेटमध्ये येतात आणि वायरी कुरतडतात. निपाणीकडे काही जण तंबाखूची पानं बोनेटमध्ये ठेवतात. ठेवायचीच असतील तर कापडात घट्ट बांधून, एक्झॉस्टपासून लांब ठेवा, सुटी पानं तापलेल्या पाइपवर पडली तर आग लागेल. खात्रीचा उपाय म्हणजे हवा आत घेणाऱ्या तोंडावर बारीक स्टीलची जाळी आणि दर दोन दिवसांनी बोनेट उघडणं. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. मोठा घातला तर फ्यूज वाचतो आणि वायर जळते. एकच फ्यूज दुसऱ्यांदा उडाला की काम इलेक्ट्रिशियनचं.

कूलंटची पातळी घरी बघा, पण इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर येतं. कमी झालं तर गाडीत आहे त्याच जातीचं कूलंट घाला. घट्ट कूलंट असेल तर निम्मं डिमिनरलाइज्ड पाणी, तयार मिळतं ते तसंच. बोअरच्या जड पाण्यानं आतल्या बारीक नळ्यांत क्षार धरतो. मग घाटात काटा वर चढतो आणि हेड गास्केटवर येऊन थांबतं. पातळी दर महिन्याला कमी होत असेल तर भरत बसू नका, गळती शोधून घ्या.

इंजिन ऑइल: माल आपला, हात त्यांचे

ऑइल बदलणं घरी जमतं, पण घरी करू नये असं आमचं मत आहे. मजुरी साधारण तीनशे ते पाचशे, ती वाचवायला गाडीखाली झोपावं लागतं, आणि तीन लिटर जळकं ऑइल हातात उरतं. ते गटारात ओतलं तर ओढ्याला जातं, झाडाखाली ओतलं तर विहिरीला. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासायची जुनी पद्धत आहे, पण जळक्या ऑइलमध्ये जड धातू असतात, गोठ्याच्या लाकडाला ते लावू नये, जनावरं चाटतात. गॅरेजात पिंप असतं, तिथून ते गोळा करणाऱ्याकडे जातं.

म्हणून मधला रस्ता. ऑइल आणि फिल्टर स्वतः विकत घ्या आणि गॅरेजच्या रॅम्पवर आपल्यासमोर बदलून घ्या. ग्रेड मॅन्युअलमधला घ्या. आजच्या बहुतेक छोट्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लागतं, काही नव्यांना ०डब्ल्यू-१६. "आपल्याकडे गरमी असते, २०डब्ल्यू-४० टाकू या," असं मिस्त्री म्हणाला तर नको म्हणा. नव्या इंजिनांचे ऑइलचे मार्ग बारीक असतात, व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबावर चालतं, घट्ट ऑइल सकाळी वर पोचायला वेळ घेतं आणि झीज त्याच वेळात होते. बीएस-६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं, सी२ किंवा सी३ छापलेलं ऑइलच लागतं. साध्या डिझेल ऑइलची राख त्या फिल्टरमध्ये अडकते आणि ती जाळून निघत नाही. ऑइल कंपनीच्या डीलरकडून किंवा पंपावरून सीलबंद घ्या, आणि रिकामा डबा गॅरेजात सोडण्याआधी भोक पाडा. भेसळवाल्यांना चांगला डबाच हवा असतो.

समोर उभं राहून बघायचं ते हे. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट केलं का? चेंबरचा (इंजिनाखालचं ऑइल साठणारं भांडं) बोल्ट रिंग पान्यानं किंवा बॉक्स पान्यानं उघडतात का? फिक्स पान्यानं कोपरे गोल होतात. बोल्टला नवा वायसर घातला का? चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर बोल्ट आधी हातानं तीन-चार आटे फिरवायला हवा, वाकडा चढवून पान्यानं दाबला की आटे जातात. पुढचे सहा महिने अंगणात ऑइलचे थेंब पडत राहतात. आटे गेलेच तर नवं चेंबर घ्यायची घाई करू नका. उद्यमबागेमुळे बेळगावात लेथवर काम करणारे हात भरपूर आहेत, तिथं आट्यांत इन्सर्ट बसवून जुनंच चेंबर वाचतं.

फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग सोबत आली का ते बघा. जुनी रिंग इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला तर दोन रिंगांची फट दाबाखाली सुटते आणि हायवेवर सगळं ऑइल काही मिनिटांत बाहेर येतं. या कामातली सगळ्यात महाग चूक हीच. नव्या रिंगेला ऑइलचं बोट लावायचं, फिल्टर हातानं टेकेपर्यंत फिरवायचा आणि पुढे पाऊण फेरा, पान्यानं नाही. भरताना छोट्या इंजिनाला आधी अडीच लिटर, मग गेज पट्टी बघत थोडं थोडं. इंजिन एक मिनिट चालवून बंद करा, पाच मिनिटांनी सपाट जागेवर पट्टी परत बघा. वरच्या खुणेच्या वर गेलं तर काढून टाकायला लावा, जास्त ऑइलचा फेस होतो आणि फेस बेअरिंगला वंगण देत नाही.

गावातलं गॅरेज: चांगलं कसं ओळखावं

आपल्या भागातल्या गॅरेजांचा मोठा गुण म्हणजे वेळ आणि अनुभव. क्लच, सस्पेन्शन, रेडिएटर, इंजिनाचं जुनं दुखणं यात दहा-पंधरा वर्षं एकाच तऱ्हेच्या गाड्या उघडलेला मिस्त्री वर्कशॉपातल्या नव्या पोरापेक्षा लवकर निदान करतो, आणि भाग बदलण्याऐवजी दुरुस्त करण्याकडे त्याचा कल असतो. ऑटो नगरला पंप-इंजेक्टर, डेंटिंग, वायरिंग असे एकेका कामाचे माणूस मिळतात, हा शहराचा फायदा आहे. उणीव मोजमापात आहे. टॉर्क रेंच (नट ठरलेल्या ताकदीनंच आवळायचा मोजमापाचा पाना) फार थोड्या ठिकाणी दिसतो, स्कॅनर असला तरी जुना असतो, आणि बिल तोंडी.

नव्या गॅरेजात पहिल्याच खेपेला मोठं काम देऊ नका. चाकांची अदलाबदल सांगा आणि बघा. नट थेट हवेच्या गनवर चढवले, आधी हातानं फिरवले नाहीत, तर तिथं ब्रेकचं काम द्यायचं नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून माणूस खाली गेला, स्टँड लावला नाही, तरी नाही. तुमच्या गाडीला ऑइल कुठलं लागतं असं विचारा. जो पुस्तक किंवा मोबाइल उघडून बघतो तो चांगला मिस्त्री, सगळ्यांना एकच सांगणारा नाही.

बोलायची पद्धतही महत्त्वाची आहे. "प्लग बदला" असं सांगितलं तर प्लग बदलून मिळतात, आजार तसाच राहू शकतो. "मिस्त्री, सकाळी गार असताना मिसिंग मारते, गरम झाल्यावर थांबते, चढाला पिकअप नाही," असं सांगितलं तर निदान होतं. हजारभराचा ब्लूटूथ स्कॅनर गाडीच्या सॉकेटला लावून कोड वाचून गेलात तर आणखी बरं. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग. तिथली इग्निशन कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली, तोच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर बघा. कोड पुसून टाकू नका, मिस्त्रीला तोच माग लागतो. काम झाल्यावर "जुने पार्ट डिकीत ठेवा वो," एवढं आधीच सांगून ठेवा.

प्लग घरी बदलायचे असतील तर इंजिन पूर्ण गार हवं. प्लगभोवतीची धूळ आधी हवेनं उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग लांब सॉकेटात धरून बोटांनी शेवटपर्यंत फिरवा, मग वायसर दबेल एवढा अर्धा फेरा. अडखळला तर उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करा. हेडचे आटे गेले तर ते काम चेंबरच्या आट्यांसारखं स्वस्तात निभत नाही.

ब्रेक

इथे घरचं काम फक्त बघण्याचं. ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरत असेल तर पॅड झिजत आलेत, झटकन उतरली तर गळती आहे. वरून भरून पातळी सारखी करू नका, तो इशारा पुसला जातो. पॅडची जाडी चाकाच्या जाळीतून टॉर्चनं दिसते, ३ मिलिमीटरला आली की गॅरेज गाठा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. डॉट-४ (डॉट-३, डॉट-४ या ब्रेक ऑइलच्या जाती) नवं असताना किमान २३० अंशाला उकळतं, ओल धरल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत येते. डॉट-३ ची २०५ वरून १४०. कंकुंबीपासून गोव्याच्या बाजूला उतरताना किंवा आंबोलीहून सावंतवाडीकडे जाताना सतत पाय ब्रेकवर असेल तर कॅलिपर एवढे तापू शकतात. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि पेडल तळाला जातं. सपाटीवर वर्षभर काही जाणवत नाही, घाटातच कळतं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलून घ्यायचं, खर्च काही शेकड्यांचा आहे. आणि उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा.

गॅरेजात आग्रह धरा: डबा तुमच्यासमोर फोडलेला, सीलबंद. उघडून कपाटात ठेवलेलं अर्धं ऑइल आधीच ओल धरून बसलेलं असतं. एअर, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा, काढताना चारही चाकांतून स्वच्छ ऑइल येईपर्यंत काढायला सांगा. पॅड बदलताना कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना साफ करून ब्रेकचं ग्रीस लावलं का बघा. खानापूर-जांबोटीच्या लाल चिखलात त्या पिना जाम होतात, मग आतलं पॅड संपतं आणि बाहेरचं तसंच राहतं. मागच्या ड्रममधली धूळ हवेनं उडवू देऊ नका, ती फुप्फुसात जाते, ब्रेक क्लीनरनं धुवायची. आणि गाडी रिव्हर्स घेण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून कडक झालं का ते तपासा. नवे पॅड बसवल्यावर पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिला ब्रेक पोकळ जातो.

पुढच्या शॉकअप्सची स्प्रिंग, एअरबॅगजवळची वायर, एसीचा गॅस, टायमिंग बेल्ट, पेट्रोलची लाइन: यांनाही घरी हात लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात तुटतो. एसीत गॅस "टॉप-अप" करून देणाऱ्याला आधी गळती दाखवायला सांगा. गॅस आपोआप संपत नसतो.

कंपनीचं वर्कशॉप

वॉरंटी चालू आहे तोवर इथेच जा, यात दुमत नको. बहुतेक कंपन्यांत पहिल्या तीन सर्व्हिसिंगना मजुरी माफ असते, ऑइल-फिल्टरचे पैसे लागतात. गाडी कोल्हापूरला घेतली असली, नंबर एमएच-०९ असला, तरी त्याच कंपनीच्या बेळगावच्या वर्कशॉपात फ्री सर्व्हिसिंग आणि वॉरंटी दोन्ही चालतात. रिकॉल आला, सॉफ्टवेअर अपडेट आलं, चावीचं कोडिंग करायचं, एअरबॅगचा दिवा लागला, तर पर्याय नाही.

सावध राहायचं ते एस्टिमेटमधल्या जादा ओळींबाबत. इंजिन फ्लश वेळेवर ऑइल बदललेल्या गाडीला लागत नाही. थ्रॉटल बॉडी साफ करणं आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग, वर-खाली होत असेल तरच. एसीचं "डिसइन्फेक्शन" म्हणजे बऱ्याचदा फवारा, केबिन फिल्टर नवा घातलात तर त्यातलं बहुतेक काम झालं. व्हील अलाइनमेंट मात्र १०,००० ला करून घ्या, आपल्या खड्ड्यांत ते वसूल होतं. खाली गंजरोधक थर जांबोटी-कंकुंबीकडे राहणाऱ्यानं जरूर मारावा, फक्त पाणी निघायची भोकं बुजवलेली नाहीत हे रॅम्पवर गाडी असतानाच बघावं. जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि "विचारल्याशिवाय जादा काम नको" ही ओळ टाकून सही करा. बिलात भाग आणि मजुरी वेगळे बघा: सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, २८ लावलेला दिसला तर विचारा.

वॉरंटी संपल्यावर तिथेच जायची सक्ती नाही. मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत या कारणावरून २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. आज बहुतेक कंपन्यांचे मूळ भाग काउंटरवर विकत मिळतात. पार्ट नंबर गाडीच्या चासी नंबरवरून काढून घ्या, नुसत्या मॉडेलच्या नावावर आणलेला भाग बऱ्याचदा आधीच्या सालाचा निघतो.

पुराच्या पाण्यातून गेलेली गाडी

जुलै-ऑगस्टात दूधगंगा, वेदगंगेवरचे खालचे पूल पाण्याखाली जातात, तेव्हा पाण्यात बंद पडलेली गाडी परत सेल्फ मारणं हा एकच हात लाखाचा खर्च करतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह सोडा. मग एअर फिल्टर उघडा. कोरडा असेल तर धोका कमी आहे, ओला असेल तर टो करून न्या, चावी लावायची नाही. गेज पट्टीवरचं ऑइल दुधट दिसलं तरी तेच. गाडी हलवण्याआधी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. साध्या विम्यात पाणी शिरलेल्या इंजिनाचा खर्च सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनची जादा ओळ लागते, ती नूतनीकरणाच्या वेळीच मागून घ्यावी.

हत्यारं

घरच्या कामांना तीन-चार हजारांत पुरेसं सामान येतं: ८ ते १९ रिंग पाने, एक सॉकेट सेट, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, मल्टीमीटर, टायर गेज, डोक्याला लावायचा टॉर्च, आणि चाकाला लावायला लाकडाचे दोन ठोकळे. स्वस्तातला जॅक स्टँड घेण्यापेक्षा न घेतलेला बरा. घ्यायचाच तर दोन टनी, वेल्डिंग बघून. टॉर्क रेंच अर्धा इंची घेतलात तर त्याचं माप साधारण ३० न्यूटन-मीटरच्या आसपास सुरू होतं. चाकाच्या नटांना तो उत्तम, प्लगला आणि छोट्या बोल्टांना त्याचा उपयोग नाही, आणि वापरून झाल्यावर स्प्रिंग सैल करून, सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा.